बिननावाची मूठ

आधीच सांगून टाकतो, मी फिजिक्सचा मास्तर आहे. दोंडाईच्याला ज्युनियर कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवतोय. गावात कुणाच्या अंगात आलं, कुणाला पिंपळाखाली काही दिसलं, की लोक मुद्दाम मला येऊन सांगायचे आणि मी त्यांची पार सालटी काढायचो. या सदरातले वाचकांचे अनुभवसुद्धा मी आजवर फक्त चुका काढायला वाचलेत. तेव्हा आता माझंच पत्र इथे बघून जे हसतील, त्यांना हसू द्या. मीही हसलोच असतो.

घडलेली गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली. रात्र नाही, अमावस्या नाही, स्मशान नाही. शनिवारची सकाळ, साडेदहाचा सुमार, लख्ख उजेड, आणि आमच्या गावातल्या स्लॅबच्या घराचं स्वयंपाकघर. दोंडाईच्यापासून बारा किलोमीटरवर, तापीच्या अंगाला आमचं गाव आहे. त्या खोलीत आम्ही पाच जण होतो... माझे वडील आबा, सुमनकाकू, माझी बायको सुनीता, मुलगी चैताली आणि मी. सुमनकाकू म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको. काका गेल्यापासून ती आबांकडेच असते.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी मांडतात, नटवतात, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. त्या दिवशी जो गव्हाचा नैवेद्य होतो त्याला रोट म्हणतात, आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. रोटाचे गहू असेतसे घ्यायचे नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घ्यायची. (चैताली लहानपणी विचारायची, माझी मूठ कुठंय? त्याचं उत्तरही आमच्याकडे नव्हतं, पण तो वेगळा विषय आहे.) आमच्या घरी हे गहू शनिवारी सकाळी मोजतात आणि लगेच गिरणीवर नेतात. गिरणीवाला त्या दिवशी जातं धुऊनपुसून फक्त रोटाचंच दळतो, त्यामुळे नंबर लावावा लागतो.

आता आमच्या घरापुरती एक जादा रीत. गहू मोजायचे ते घरातल्या थोरल्यानेच. पहिल्यांदा तो एक मूठ घेणार, तिला नाव नाही. ती सुपात टाकताना तो जगाच्या उत्पत्तीची गोष्ट सांगणार आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. मग नावाच्या मुठी. ही गोष्ट मी कुठल्या पोथीत वाचलेली नाही आणि शेजारच्या गल्लीतही कुणाला ठाऊक नाही. आबांना त्यांच्या वडिलांनी सांगितली, एवढंच.

आबा म्हणजे अडाणी देवभोळा म्हातारा असं डोळ्यापुढे आणू नका. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. मशीनच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. माझ्या फिजिक्सचा पहिला धडा म्हणजे त्यांच्या पान्यांची पेटी. पण मी एम.एस्सी. झालो आणि हे सगळं सोयीस्कर विसरलो.

तेरा वर्षांपूर्वी, अशाच शनिवारी, सगळे भाऊबंद बसलेले असताना आबांनी ती पहिली मूठ घेतली. मी म्हटलं, "आबा, ही कुणाची? हिला तर नावच नाही. तुमचा हिशेबच चुकतोय." दोघेतिघे हसले. हसले म्हटल्यावर मला आणखी जोर चढला. मग मी उभं राहून सगळ्यांना बिग बँग ऐकवला. पावणेचौदा अब्ज वर्षं, एका बिंदूतून सगळं फुगलं, अजून पसरतंच आहे, यात देवीबिवीचं काही काम नाही, लहान पोरांच्या डोक्यात ही भाकडकथा घालू नका... असं बरंच काही. वर्गात चाळीस मिनिटं घेतो ते मी दहा मिनिटांत उरकलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं विलास. तू शिकेल शे." शिकलेला आहेस, असं. आणि हातातले गहू परत पोत्यात टाकले.

त्या दिवसापासून आमच्या घरी ती गोष्ट बंद झाली. आबा नावाच्या मुठी घ्यायचे आणि उठायचे. माझ्याशी बोलणं तुटलं असं नाही. पाणी कधी सोडलं, बस मिळाली का, हे सगळं चालू होतं. पण ज्याला आपण बाप-लेकाचं बोलणं म्हणतो ते आटलं ते आटलंच. चूक कळायला मला फार वेळ लागला असंही नाही, वर्ष-दोन वर्षांतच कळली होती. पण माफी मागायची तर विज्ञान चुकलं असं म्हणावं लागेल असं मला वाटायचं, आणि ते तर चुकलं नव्हतं! या एका गाठीपायी मी अकरा श्रावण घालवले.

मग सुरुवातीला सांगितलेल्या श्रावणाच्या आधीच्या मार्गशीर्षात आबांना स्ट्रोक आला. धुळ्याला अकरा दिवस ॲडमिट होते. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळं समजायचं, बोलायला जावं तर "आ... आ..." एवढंच यायचं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम चालू ठेवा, कधी एखादा शब्द येईलही, गाणं म्हणणाऱ्यांना कधी गाणं येतं, पण फार आशा ठेवू नका. आठ महिने आम्ही व्यायाम केले. शब्द आला नाही.

आणि श्रावण आला.

त्या शनिवारी काकूने पाट मांडला, गव्हाचं पोतं उघडलं, सूप ठेवलं. आबांना आम्ही भिंतीला टेकवून बसवलं. चैताली तेव्हा जळगावला एम.एस्सी. करत होती, फिजिक्सच. (हो, तीही.) ती मुद्दाम दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती. तिने खिडकीच्या कट्ट्यावर मोबाईल उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. नुसतं आवाजाचं, व्हिडिओ नाही, कारण मोबाईलमध्ये जागा उरली नव्हती. म्हणाली, "आबांचं काही नाही तर गव्हाचा आवाज तरी राहील."

आबा मात्र पोत्याला हात लावेनात. काकू म्हणाली, "आबा, घ्या ना. गिरनीवर नंबर लायेल शे." आबांनी मान हलवली, नाही. मी म्हटलं, "आबा, तुम्ही डाव्या हाताने मुठी घ्या, नावं मी घेतो." पुन्हा नाही. सुनीता म्हणाली, "मग यांनीच घेतल्या मुठी तर?" आबांनी डोळे मिटून घेतले. डावा हात मांडीवर, मूठ आवळलेली.

काकूचा चेहरा उतरला. रोट एकदा खंडित झाला की तो पुन्हा धरायची कुणाची छाती होत नाही, अशी आमच्याकडची समजूत आहे. ती हळूच मला म्हणाली, "विलास, त्यास्नं मन काय शे ते तुले माहीत शे. आते तरी बोल."

मला माहीत होतं. मी आबांच्या समोर खाली बसलो. बायको आणि मुलीसमोर असं बसायला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी तुमचा अपमान केला. मी शिकलो ते खरंच आहे, ते मी सोडणार नाही. पण तुमची गोष्ट मी पुरती ऐकूनही घेतली नाही. आज तुम्हाला सांगता येत नाही, आणि मला ती नीट आठवत नाही... ती बिननावाची मूठ घ्या आबा. एवढी मूठ घ्या." मी मान खाली घातली.

पोत्यात हात गेल्याचा आवाज आला. गहू सरकले. आणि आबा बोलले.

मी शब्दाचा कीस पाडणारा माणूस आहे, म्हणून पुन्हा लिहितो. आबा बोलले. अडखळत नाही, कुजबुजत नाही. जिनिंगमध्ये मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लागलेला तो जुना, भरीव आवाज.

"पहिले काहीच नव्हतं. जमीन नव्हती, आभाय नव्हतं. दिन नव्हता, रात नव्हती."

"हूं," काकू म्हणाली. पन्नास वर्षांची सवय, तोंडातून आपसूक गेलं.

"कितला दिन नव्हतं? ते बी सांगता येत नही. कारन दिनच नव्हता."

"हूं." हा हुंकार माझा.

"मंग कानबाई मायनी मूठ उघाडी. मूठमा काय व्हतं? बठ्ठं व्हतं. तापी व्हती, सातपुडा व्हता, जवारीना दाना व्हता, मुंगी व्हती, तू व्हता, मी व्हतो. बठ्ठं एक मूठमा मावेल व्हतं."

बठ्ठं म्हणजे सगळं. मग चंद्र-सूर्य कसे झाले, पहिलं बी कुणी पेरलं, पहिली भाकर कुणी कुणाला दिली, असं बरंच पुढे होतं. ते सगळं इथे लिहीत नाही, ते आमच्या घरचं आहे. शेवट मात्र लिहायलाच हवा.

"मना आंडोर म्हनस, ते आजून पसरी राहिनं. त्यानं खरं शे. तो शिकेल शे." आंडोर म्हणजे मुलगा. "पन मूठ उघाडानं पहिले काय व्हतं, ते त्याले बी माहीत नही आन माले बी माहीत नही. म्हनीसन ही मूठ बिननावनी."

सुपात गहू पडले. मी वर बघितलं तेव्हा आबांचा हात रिकामा होता आणि डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं. माझी अवस्था काय सांगू... बाप आठ महिन्यांनी बोलला म्हणून रडत होतो, की ज्या भाषणाने मी त्यांना गप्प केलं तेच त्यांनी आपल्या गोष्टीत नेऊन बसवलं होतं म्हणून रडत होतो, मला सांगता येणार नाही. काकू डोळे पुसत म्हणाली, "हाई आंडोरनं मांगे नव्हतं. हाई नवं शे."

मग आबांनी पहिल्या नावाची मूठ घेतली, ती माझ्या गेलेल्या आजोबांच्या नावाची; आमच्याकडे सुरुवात त्यांच्यापासून होते. आबांनी तोंड उघडलं आणि आलं ते फक्त "आ... आ...". बाकीची नावं मी घेतली, मुठी आबांनी डाव्या हाताने घेतल्या. शेवटची मूठ घेऊन त्यांनी चैतालीकडे बोट केलं. मला आधी कळलंच नाही. मग मी तिचं नाव घेतलं. गिरणीवरचा आमचा नंबर हुकला नाही.

इथवर जे झालं त्याला डॉक्टरांकडे उत्तर असेल असं मी धरून चाललो होतो. मनाला मोठा धक्का बसला, मेंदूची एखादी वाट क्षणभर मोकळी झाली, असं काहीतरी. खरी गंमत पुढे आहे.

दुपारी चैतालीने रेकॉर्डिंग लावलं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. काकूचं "नंबर लायेल शे" आहे. माझी माफी आहे, शब्द न् शब्द. पोत्यातले गहू सरकल्याचा आवाज आहे. शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. सुनीताच्या बांगड्या आहेत. काकूचा "हूं" आहे, माझा "हूं" आहे, पुन्हा काकूचा... चौदा हुंकार आहेत, मी मोजले. दोन हुंकारांच्या मध्ये कधी पाच सेकंद, कधी वीस सेकंद जातात. त्या जागी आबांचा आवाज नाही. काहीच नाही. बाहेरचा कावळा ऐकू येतो आणि आबा नाहीत.

चैतालीने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. माझ्यातला मास्तर मात्र जागा झाला. मी म्हटलं, कुणी कुणाशी बोलायचं नाही. सुनीताला एक वही दिली, चैतालीला एक, मी एक घेतली, तिघं तीन खोल्यांत बसलो. काकूला लिहिता येत नाही, म्हणून तिला नंतर ओट्यावर नेऊन ती सांगेल तसं उतरवून घेतलं. चारी कागद शेजारी ठेवले. इकडेतिकडे शब्द मागेपुढे होते. सुनीताने सातपुडा गाळला होता, काकूने मुंगीच्या जोडीला हत्ती घातला होता. पण "मना आंडोर म्हनस, ते आजून पसरी राहिनं" हे चारी कागदांवर होतं.

मी वैतागून विचारलं, आबांचे ओठ हलत होते का, हे कुणी बघितलं? मी मान खाली घालून बसलो होतो. काकू गव्हाकडे बघत होती. सुनीता म्हणाली, "मी तुमच्याकडे बघत होते, तुम्हाला रडताना कधी बघितलं नव्हतं." आणि चैतालीने डोळे मिटले होते. चार माणसं, त्यातली दोन फिजिक्सची, आणि ऐन वेळी निरीक्षण एकाचंही नाही. माझ्या प्रॅक्टिकलला असं कुणी केलं असतं तर मी जर्नलवर सही केली नसती.

आबांना विचारलं, "आबा, तुम्ही बोललात ना?" त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ना हो, ना नाही. थोडं हसल्यासारखं केलं.

धुळ्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. भला माणूस, हसला नाही. म्हणाला, "एखाददुसरं वाक्य येऊ शकतं, सर. एवढी लांब गोष्ट अवघड आहे. मला वाटतं त्यांनी हातवारे केले असतील आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट मनातल्या मनात पुन्हा ऐकली." मलाही ते पटलं असतं. पण शेवटची वाक्यं आम्ही कधीच ऐकली नव्हती, तर मग ती आठवली कुठून? माझ्या अपराधी मनाने रचली म्हणावं, तर काकूच्या मनाने तीच कशी रचली? रेकॉर्डिंग चैतालीने जळगावला तिच्या मित्रांना लॅबमध्ये दाखवलं. कुठे कापलेलं नाही, जोडलेलं नाही. त्या मोबाईलवर आधीची आणि नंतरची सगळी रेकॉर्डिंग ठणठणीत आहेत.

मी बरेच दिवस फार अस्वस्थ होतो. मला हे खोडून काढायचं होतं, आणि खोडता येत नव्हतं. एकदा चैतालीला म्हटलं, "यंत्रात आलं नाही, म्हणजे झालं नाही, असंच धरायला पाहिजे ग."

ती म्हणाली, "पप्पा, विश्व जन्मल्यावर पहिली काही लाख वर्षं प्रकाश मोकळा सुटलाच नव्हता. त्याच्या पलीकडचं कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही. म्हणून तेव्हा काही झालंच नाही असं तुम्ही शिकवता का?"

"तिथलं इतर गोष्टींवरून कळतं. मागे खुणा राहिल्यात."

"इथेही राहिल्यात. चौदा हुंकार."

पोरगी माझीच.

माझं विज्ञान त्या दिवशी इंचभरही हललं नाही, हे मात्र ठासून सांगतो. ती गोष्ट ऐकून "बघा, आपल्या पूर्वजांना बिग बँग माहीत होता" असं म्हणणाऱ्यांना मी आजही दारात उभं करणार नाही. आबांना तो माझ्याकडूनच कळला होता. मी तो फेकून मारला होता आणि त्यांनी तो अकरा वर्षं जपून ठेवला. देवीची मूठ आणि माझा पसारा एकाच सुपात राहू शकतात हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, मला कळायला तेवढी वर्षं लागली. आता वर्गात कुणी विचारलं, "सर, त्याच्या आधी काय होतं?" तर पूर्वीसारखं "हे सिलॅबसमध्ये नाही" असं म्हणून खाली बसवत नाही. माहीत नाही म्हणतो. पोरांना हे उत्तर सगळ्यात जास्त आवडतं.

त्या नऊ मिनिटांत काय झालं, तेही माहीत नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, मी खुल्या मनाने वाचेन. फक्त "भास" एवढा एकच शब्द लिहून पाठवू नका, तो मी स्वतःला शंभरदा सांगून बघितलाय.

आबा आहेत. वाचा नाही, पण काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. यंदा गहू मोजायच्या शनिवारी त्यांनी पाटावर स्वतः न बसता मला बसवलं. चैतालीने विचारलं, "रेकॉर्ड करू?" मी म्हटलं, नको. मी गोष्ट सांगायला लागलो, काकू हुंकार देत होती. माझी अहिराणी आता शहरी झालीय, त्यात मी चंद्राच्या आधी सूर्य आणला. आबांनी काठी आपटून थांबवलं आणि मागे जाऊन पुन्हा सांगायला लावलं. असं तीनदा झालं. शेवटी आलो. "मना आबा म्हनतस, मूठ उघाडानं पहिले काय व्हतं ते त्यास्ले बी माहीत नही, माले बी माहीत नही," एवढं म्हणून मी सुपावर मूठ नेली.

आबांनी माझं मनगट धरलं. मूठ उघडून बघितली आणि मान हलवली, नीट भरली नव्हती. मग त्यांनी माझा हात पुन्हा पोत्यात घातला, खोल, कोपरापर्यंत, आणि आपल्या डाव्या हाताने तो तिथेच गव्हात दाबून कितीतरी वेळ धरून ठेवला.